पहिल्या सॅमनचे काटे

वाशीमहून अकोल्याला जाताना मेडशीला एसटीचं चाक बसलं आणि कॅनडाला निघालेली आम्ही दोघं टपरीच्या सावलीत ट्रंकेवर बसून राहिलो. मे महिना, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आमच्या ह्यांच्या अंगात लोकरीचा कोट. ट्रंकेत मावला नाही म्हणून घातला होता, पण बघणाऱ्याला ते कसं कळावं! टपरीवाल्यानं चहा देता देता विचारलंच, साहेबाले हिव भरलं काय म्हणून. हे शांतपणे म्हणाले, "नाई. पोरीले आनाले चाललो."

खरं होतं ते. आमची सुजाता नर्स. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पार वर अलास्काच्या शेजारी, एका गावातल्या दवाखान्यात ती नोकरीला होती. मागच्या हिवाळ्यात तिनं वाशीमच्या पोस्टात ट्रंक कॉल लावून सांगितलं, की मला इथल्याच एका मुलाशी लग्न करून इथंच राहायचंय, तिकिटं पाठवते, नाही म्हणायच्या आधी एकदा येऊन बघा. ह्यांनी फोनमध्ये अशी आरोळी ठोकली की तिला तारेशिवायही ऐकू गेली असती. "येतो! अन् तुले घेऊनच येतो!" अख्ख्या पोस्टानं ऐकलं. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, हे कोर्टात कारकून. गावात दोघांच्याही शब्दाला मान. आता पोरगी आणल्याशिवाय तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

अकोल्याहून मुंबई, मुंबईहून लंडन, आणि तिथून व्हँकुव्हर. विमानाविषयी सगळेच लिहितात, मी फक्त आमच्या तिखटाविषयी लिहिते. व्हँकुव्हरला तपासणीच्या साहेबानं डबा उघडला, नाक आत घातलं आणि अशा काही शिंका दिल्या की मागची रांग दोन पावलं सरकली. मग त्यानं आपल्या हातानं झाकण घट्ट लावलं आणि ट्रंकेला मानानं वाट दिली. पुढं एक छोटं विमान होतं, आपल्या एसटीएवढंच, आणि खडखडही तशीच. खाली एकीकडं बर्फाचे डोंगर आणि दुसरीकडं समुद्र. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी मात्र खिडकीला नाक लावून बसले, म्हटलं पुन्हा कोण आणतं आपल्याला इथं.

विमानतळावर सुजाता उभी होती. केस कापलेले, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. पोरगी समोर दिसली की भरून येईल असं वाटलं होतं, पण तोंडातून निघालं ते, "जेवतेस का नाही ग?" ह्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाव सगळं लाकडी. अर्धी घरं खांबांवर, समुद्रात पाय रोवून उभी. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, धुकं म्हणावं तर धुकं नाही, सारखं काहीतरी ओलं तोंडावर येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर खालचं पाणीच गायब, होड्या चिखलात बसलेल्या. मी घाबरून सुजाताला हाक मारली. ती हसत म्हणाली, भरती-ओहोटी आहे आई, दुपारी येईल परत. पुस्तकातून पोरांना भरती-ओहोटी शिकवण्यात माझी वर्षं गेली, पण पाहिली ती त्या दिवशी. पाणी परत येईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही.

सुजाता ड्यूटीवर गेली की आम्ही दोघं गाव हिंडायचो. लुगड्याखाली रबरी बूट घालून मी आणि कोटातले हे. कॅनरी (मासे डब्यात भरायचा कारखाना) हेच गावाचं पोट. बायका रांगेनं उभ्या राहून लालभडक मासा कापत होत्या, आणि त्यांत एक पंजाबी बाई निघाली. मला पाहून तिनं सुरी खाली ठेवली आणि हात पुसत बाहेर आली. हा मासा सॅमन, याच्या जाती किती, पहिला येतो तो सगळ्यांत मोठा, त्याला इथं स्प्रिंग म्हणतात, सगळं तिनं समजावून सांगितलं. मुलीला न्यायला आलोय म्हटल्यावर ती जरा थांबली. म्हणाली, "बहनजी, मैं भी दो साल के लिए आई थी।" मग आतून भोंगा झाला आणि ती पळाली.

आता मुलाविषयी. त्याचं नाव डॅनियल. इथं गोऱ्यांच्या आधीपासून राहणारे जे मूळचे लोक आहेत, त्यांच्यातला. रुंद खांदे, बोलणं बेताचं. स्वतःची बोट होती. हिवाळ्यात जाळी विणायची आणि उन्हाळ्यात अमेरिकेतून येणाऱ्या हौशी लोकांना मासेमारीला न्यायचं, हा त्याचा धंदा. हे त्याला नावानं हाक मारत नसत, "तो नाववाला" म्हणत. त्यानं आम्हाला बोटीवर बोलावलं. मी लगेच हो म्हटलं. हे म्हणाले, तू जाय. पण मी निघाले तसे कोटाची बटणं लावत मागून आलेच.

बोटीवर चार अमेरिकन साहेब होते. प्रत्येकाच्या हातात गळ, डोक्यावर टोपी, टोपीला गळाची खोटी माशी टोचलेली. बोट समुद्रात गेली आणि ह्यांचा चेहरा पोपटी झाला. डॅनियलनं सुकाणू सोडलं नाही, नुसतं एक कोरडं बिस्कीट ह्यांच्या हातात दिलं आणि दूरच्या डोंगराकडं बोट दाखवलं, तिकडंच बघत राहा म्हणून. हे बघत राहिले. गुण आला, पण कबूल केलं नाही. तेवढ्यात एका साहेबाच्या गळाला मासा लागला. काय ती झटापट! साहेब घामाघूम, सोबती ओरडतायत, शेवटी डॅनियलनं जाळीनं तो वर घेतला. चांदीसारखा लखलखीत, माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा. साहेबांनी फोटो काढले, माशाचे कमी आणि आपले जास्त. पण त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं, की यातल्या एकाला मासा आवडतच नाही. मासे कॅनरीत देऊन डबे करून घेणार आणि घरी शेजाऱ्यांना वाटणार.

"खात नाई तं धरते कायले?" ह्यांनी मला विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत ते डॅनियलला सांगितलं. तो पहिल्यांदाच मोकळा हसला आणि म्हणाला, मीही रोज हेच विचारतो. ह्यांनी दुसरीकडं तोंड फिरवलं, पण मिशीखाली हसू होतं, मी पाहिलं.

आम्ही परतायच्या आधीच्या रविवारी डॅनियलच्या आजीनं जेवायला बोलावलं. तिचं गाव नदीच्या मुखाशी. त्या हंगामातला पहिला स्प्रिंग तिच्या घरी आला होता. मोठा जमाव, लांब टेबल, लाकडाच्या धुरावर भाजलेला मासा आणि एक रस्सा. त्यात डोकं, पाठीचा कणा, सगळं सकाळपासून रटरटत शिजलेलं. तिखट औषधाला नाही, मीठही जपून. पण चव अशी, की मी पिशवीतला आमचा डबा काढलाच नाही.

इथं ह्यांच्या जेवणाचं सांगायला हवं. हे धनज गावचे. लहानपणी घरात मासा यायचा तो कधीमधी, पूर आल्यावर. आणि सासऱ्यांचा नियम होता, ताटात काही उरलं तर करणारणीचा अपमान. तेव्हापासून हे काटा फेकत नाहीत. मऊ असेल तर चावून खातात, ताट धुतल्यासारखं करून ठेवतात आणि मग समाधानानं मिशा पुसतात. आजीच्या घरीही त्यांनी तेच केलं. खास मान म्हणून त्यांच्या थाळीत कण्याचा मोठा तुकडा आला होता. सगळा मणका न् मणका मोडून खाल्ला.

जेवणं झाली आणि आजी एक लाकडी परात घेऊन टेबलाभोवती फिरू लागली. जो तो आपल्या थाळीतले काटे जपून तिच्यात ठेवत होता. आमच्यापाशी आली, ह्यांची थाळी पाहिली, खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. मग ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं. टेबलावरचं बोलणं थांबलं. स्वयंपाकघरातून सुजाता धावत आली आणि तिचा चेहरा उतरला.

ह्यांना वाटलं, आपल्याला हावरट समजले. ताडकन उठले. सुजातानं हात धरून बसवलं आणि सांगितलं, की पहिला मासा म्हणजे पाहुणा. त्याचे सगळे काटे नदीला परत द्यायचे, मग तो समुद्रात जाऊन पुन्हा अख्खा होतो आणि पुढच्या वर्षी आपल्या लोकांना घेऊन येतो. एक जरी काटा कमी पडला तर तो लंगडा होतो, रुसतो. मी आधीच सांगायला हवं होतं बाबा, पण आत कामात राहिले.

आजी काहीतरी बोलली. डॅनियलनं ते इंग्रजीत सांगितलं, सुजातानं मराठीत. ज्यानं काटे खाल्ले त्यानंच परात घेऊन पाण्यात जायचं आणि माशाशी बोलायचं.

ह्यांची मान ताठ झाली. "छप्पन साली सोडलं हे सगळं. मी कोन्या नदीपुढं हात जोडत नाई."

मला माहीत होतं, हे हटायचे नाहीत. दीक्षा घेतल्यापासून माणूस सख्ख्या भावाच्या घरच्या पूजेलाही गेला नव्हता. आणि हेही कळत होतं, की हे उठून गेले तर सुजाताचं इथं जमणं कठीण. मग पोरगी आपोआप आमच्याबरोबर येईल. त्याचसाठी तर आलो होतो! आनंद व्हायला हवा होता मला. पण पोरीचा चेहरा पाहिला आणि मी ह्यांच्या कोटाची बाही धरून ठेवली, उठू नयेत म्हणून.

सुजाता हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, हात नका जोडू. ज्याचं खाल्लं त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, एवढंच हाय."

ह्यांनी परातीकडं पाहिलं. मग कोट काढून माझ्या हातात दिला, बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि परात उचलली. आजीच्या घराखालीच नदी. पाणी बर्फाचं. पाऊल टाकल्याबरोबर त्यांचा श्वास अडकलेला मला काठावर ऐकू आला. सगळे मागं उभे होते. ह्यांनी काटे मुठीमुठीनं पाण्यात सोडले आणि रिकामी परात छातीशी धरून मोठ्यानं बोलले. कोर्टातलं नव्हे, धनजचं बोलले.

"बापा, माही चूक झाली. आमच्याकडं ताट साफ करनं म्हंजे मान देनं असते, म्हनून खाल्लं. राग काढाचा असन तं माह्यावर काढा. माही पोरगी आता तुमच्या काठानं राहून राह्यली. तिच्यावर काढू नका. तिले उपाशी ठेवू नका."

काठावर कुणाला काही कळलं नाही. कळलं ते मला आणि सुजाताला. आजीनं सुजाताला विचारलं, काय म्हणाले? ती तोंड फिरवून डोळे पुसू लागली. मग ते काम माझ्यावर आलं. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत म्हटलं, "म्हणतात, मुलगी इथं राहील." आणि म्हणता म्हणता मला रडू फुटलं, परक्या लोकांसमोर, हातात लोकरीचा कोट धरून.

हे बाहेर आले तेव्हा पाय निळे पडले होते. डॅनियलनं खाली बसून आपल्या टॉवेलनं ते पुसले. ह्यांनी पुसू दिले. आजी म्हणाली, पुढच्या हंगामात एखादा मासा लंगडा आला तर तो आम्ही तुमच्या नावानं ओळखू. हे म्हणाले, "ओळखा. पन खा त्याले."

लग्न तिथल्या रीतीनं आणि आपल्याही रीतीनं, दोन्ही करायचं ठरलं. आम्ही दोघंच परत आलो.

वाशीमला महिनाभर घरी जत्रा होती. पोस्टमास्तर येऊन गेले, कोर्टातले येऊन गेले. पोरगी का नाही आणली, हे तोंडावर कुणी विचारत नव्हतं, म्हणून हे सगळ्यांना माशाचंच सांगत. कसा तो नदीत जन्मतो, समुद्रात जातो, वर्षानुवर्षं हिंडतो, आणि शेवटी धबधब्यावर उड्या मारत बरोबर त्याच खडीवर येतो जिथं जन्मला. तिथं अंडी घालून मरतो, हे मात्र ह्यांच्या गोष्टीत नसतं.

एकदा ते सगळं ऐकून शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या, "मंग तुमची पोरगीबी येईन ना वापस, त्या माशावानी?"

हे पटकन म्हणाले, "नाई बाई. तिचं घर आता तिथंच हाय."

त्या दिवशी मी ह्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. कारण मी 'हाव, येईन' म्हणणारच होते.