आईची बदली

बॉयलरची राख रोज उपसली तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच साठलेली असते. किश्श्यांचंही तसंच आहे. संध्याकाळी कासारवाडी स्टेशनच्या बाकावर आम्ही चार-पाच रिटायर माणसं बसतो. बाकीचे साहेबांचे आणि युनियनचे किस्से सांगतात. माझ्याकडे तेही आहेत. पण मी घरचेच सांगतो. कारखान्यातले सांगायला बाकावर माणसं आहेत. घरचे सांगायला आता मी एकटाच आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चूक निघेल, सांगण्यात निघणार नाही.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली वर्षं होती. पिंपरीला कारखाना उभा राहत होता. मी साताऱ्याकडून आलो आणि बॉयलरवर फायरमन म्हणून लागलो. कोळसा टाकायचा, पाण्याची पातळी बघायची, प्रेशर बघायचं.

सुरुवातीला मी बदली होतो. बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरचा माणूस. सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर मिस्त्री आत घेणार. ज्याची जागा होती तो परत आला की मिस्त्री म्हणणार, "परमनंट आला. तू घरी जा. उद्या गेटवर ये." यात अपमान नव्हता. रीत होती.

आणखी एक रीत होती. पेटता बॉयलर एकटा सोडून जायचं नाही. पुढचा माणूस आला की फावडं त्याच्या हातात द्यायचं, जमिनीवर ठेवायचं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी परमनंट झालो आणि त्याच वर्षी आमची मंडळी छातीच्या आजाराने दवाखान्यात गेली. दवाखाना नदीपलीकडे. किती महिने लागतील ते डॉक्टरने सांगितलं नाही. परत येईल का, तेही सांगितलं नाही. घरात शालू सहा वर्षांची आणि दिनू अडीच वर्षांचा. मी ड्युटीवर असलो की शेजारच्या पारूबाई पोरांकडे बघायच्या. बाकी सगळं माझ्याकडे आलं.

*

मला पोरं वाढवायचं काही माहीत नव्हतं. बॉयलर माहीत होता. त्याच पद्धतीने सुरू केलं.

बॉयलरला एकदम कोळसा घातला की नुसता धूर होतो. थोडा थोडा, पसरून घालावा लागतो. दिनूला वरणभात तसाच भरवला. मी म्हणायचो, "दार उघड." तो तोंड उघडायचा. घास टाकला की म्हणायचो, "दार बंद." आईकडे रडून जेवणारं पोर माझ्याकडे गपचूप जेवायला लागलं. पारूबाईंनाही नवल वाटलं.

मग सकाळी परसाकडे बसवताना मी त्याला म्हणायला लागलो, "चल, राख काढू." तोही तसंच म्हणायला शिकला.

एकदा मी कामावर होतो. पारूबाईंकडे बायका जमल्या होत्या. दिनू त्यांच्या मांडीवर. एकाएकी तो चुळबुळ करत म्हणाला, "राख." पुन्हा म्हणाला, "राख, राख." पारूबाई बायकांना म्हणाल्या, "बगा, लेकराला दिष्ट लागलीया. सोताच्या तोंडानं अंगारा मागतंय." त्यांनी देवापुढचा अंगारा आणायला लावला आणि त्याच्या कपाळाला लावला.

पोराने मान तुकवून अंगारा लावून घेतला आणि पारूबाईंच्या नव्या लुगड्यावर राख काढली.

*

वेणीचं काम अवघड होतं. केस विंचरता येत होते, पण रिबीन सुटायची. मग मी वाफेच्या पाइपावर दोर आवळतात ती गाठ मारली. ती गाठ वाफेनेसुद्धा सैल होत नाही.

शालू शाळेत गेली, आली, झोपली, उठली. वेणी तशीच. न्हायला घालायच्या दिवशी पारूबाई बसल्या सोडवायला. नखं दुखली, सुई घातली, शेवटी दात लावले. मला बोलावून म्हणाल्या, "आवं, ही पोरगी हाय का पाइप हाय?"

रिबीन कापावी लागली. गाठ तशीच निघाली. शालूने ती बाजूला ठेवली. म्हणाली, "आईला दाखवायची आहे."

*

आमच्या पिढीत बायकोचं नाव चारचौघांत घेत नसत. मी "मंडळी" म्हणायचो. अजूनही म्हणतो.

शाळेत मास्तरांनी शालूला विचारलं, सकाळी उशीर का होतो. ती म्हणाली, "आमची मंडळी दवाखान्यात आहे."

मास्तर भला माणूस. घाबरला. जेवणातून काही झालं की काय, असं त्याला वाटलं. त्याने विचारलं, "सगळी मंडळी? किती जण आहेत?"

"एकच," शालू म्हणाली. "आई."

मास्तर संध्याकाळी खोलीवर आला, हे सांगितलं आणि हसला. मीही हसलो. तो गेल्यावर शालूने विचारलं, "आबा, एकटीला मंडळी का म्हणतात?"

मी खोलीत बघितलं तर सगळी मंडळी गेल्यासारखंच दिसत होतं.

*

आई कुठे गेली, हे दिनूला कसं सांगायचं? दवाखाना त्याला कळत नव्हता. ड्युटी कळत होती. आबा ड्युटीला जातात, भोंगा होतो, आबा परत येतात. म्हणून मी सांगितलं, "आई ड्युटीला गेली."

त्या दिवसापासून भोंगा झाला की दिनू कोपऱ्यातल्या आईच्या वहाणा उचलायचा आणि दारात नीट जोडून ठेवायचा. ती आत येईल तेव्हा घालेल म्हणून. आत येताना वहाणा काढतात, हे त्याच्या डोक्यात उलटं बसलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी वहाणा पुन्हा कोपऱ्यात ठेवायचो.

शालू मोठी होती. तिने मला पकडलं. म्हणाली, "एवढी लांब ड्युटी कुठे असते?"

मी म्हणालो, "तिला बदली मिळत नाही. बदली आल्याशिवाय जागा सोडता येत नाही."

ती म्हणाली, "तुम्ही जा ना तिची बदली म्हणून."

मी म्हणालो, "मी इथे तिची बदली आहे. दोन्हीकडे कसा पुरणार?"

हे तिला पटलं. आपला बाप घरात बदली आहे, हे त्या दिवसापासून पक्कं झालं. भाकरी करपली की ती दिनूची समजूत घालायची, "चालायचंच. बदली आहे."

*

भात कापायच्या आधी माझी थोरली बहीण आली. तिला आक्का म्हणतो. तिने खोली बघितली, माझ्या भाकऱ्या बघितल्या, दिनूची उलटी घातलेली चड्डी बघितली. मला समोर बसवून म्हणाली, या आजारातून बाई परत येते असं तिने तरी पाहिलेलं नाही. गावाकडे एक स्थळ आहे. गरीब आहे, पोरांचं करील. ते नको असेल तर पोरं तिच्याबरोबर गावी पाठवावीत. आता हो-नाही सांगावं, नाहीतर दिवाळी झाली की ती येऊन पोरांना घेऊन जाईल.

आक्काचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तेव्हा सगळे असंच करत.

शालू भांडी पुसत होती. तिने विचारलं, "आत्या, तुम्ही आईची बदली आणणार?"

आक्काला कारखान्याची भाषा कुठून ठाऊक? ती म्हणाली, "तसंच समज, बाई."

"मग नको," शालू म्हणाली. "एका जागेवर दोन बदली घेत नाहीत. आबा आहेत ना."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मी उठलो आणि भाकऱ्या थापायला बसलो. दुसरं काय उत्तर देणार?

आक्का दुसऱ्या दिवशी एकटी गेली. जाताना मात्र म्हणाली, "दिवाळी झाली की येते."

*

सुट्टीच्या दिवशी सायकलवर पुढे दिनू आणि मागे शालू, असे आम्ही दापोडीवरून नदी ओलांडून दवाखान्यात जायचो. लहान मुलांना आत सोडत नसत. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर थांबायचो. ती लांब व्हरांड्यात येऊन उभी राहायची. दिनूला तिचं तोंड नीट दिसत नसे. तो कुठल्याही पांढऱ्या लुगड्याला हात करायचा.

एवढ्या लांबून बोलायचं काय? मी नुसता उभा राहायचो. शालू मात्र कुंपणाला धरून मोठ्याने चार्ज द्यायची. पाळी बदलताना एक फायरमन दुसऱ्याला सांगतो ना, पाणी किती, प्रेशर किती, कुठे गळतंय, तसं. घरी मी ड्युटीचं बोलायचो, त्यातून तिने ते उचललं होतं.

"दिनू ठीक! भाकरी जाड! पाणी भरलंय! दिनूचं नाक गळतंय! आबांचं प्रेशर जास्त आहे!"

व्हरांड्यात ती हसली. हसता हसता खोकला आला आणि वाकून खांबाला टेकली. आतली नर्सबाई येऊन तिला घेऊन गेली.

येताना मी शालूला दम दिला, आईला हसवायचं नाही. पुढच्या वेळी शालू हात बांधून, तोंड गंभीर करून नुसती उभी राहिली. माझ्यासारखी.

आम्ही दोघं शेजारी शेजारी तसे उभे असलेले बघून व्हरांड्यात ती त्याहून जास्त हसली. या खेपेला खोकला आला नाही. मी लक्ष ठेवून होतो.

*

आता कारखान्याचा भोंगा नाही. दिनू वाकडला उंच इमारतीत राहतो. तोही रिटायर व्हायला आला. शालू नाशिकला असते. मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली. ती नंतर गेली, म्हातारी होऊन, तिच्या वेळेला. दिनू फोनवर म्हणतो, "आबा, तुम्ही काही करू नका. सगळं आम्ही बघतो." सून चांगली आहे. त्यांच्याकडे गेलो की माझं ताट वेळेवर येतं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी उभा राहिलो की ती लगेच विचारते, "काय हवंय?"

मला काही नको असतं.

शेवटचा सांगतो आणि थांबतो.

दिवाळी तोंडावर आली होती. आक्का येणार म्हणून पारूबाईंनी पोरांचे कपडे धुऊन ठेवले होते. मी चुलीपुढे बसलो होतो, तव्यावर भाकरी होती. दारात सावली आली. मला वाटलं, आक्काच.

ती होती. दवाखान्यातून सोडलं, तशी एकटीच बसने आली होती. हातात पिशवी. दिनूने सकाळच्या भोंग्याला ठेवलेल्या वहाणा उंबऱ्याजवळ होत्या. त्यांच्याकडे बघत ती बाहेरच उभी राहिली. इतके महिने तिला कशाला हात लावू दिला नव्हता, कुणाजवळ जाऊ दिलं नव्हतं. म्हणाली, "मी जरा ओट्यावरच बसते."

दिनू माझ्या पाठीमागे गेला. शालूला म्हणाला, "ही कोण?"

शालू आईकडे धावली नाही. उभी राहून तिने एकदा तिला नीट बघून घेतलं. मग दिनूला म्हणाली, "परमनंट."

मी उलथनं खाली ठेवून उठायला लागलो.

"खाली नाही ठेवायचं," शालू म्हणाली. "हातात द्या."

मी उलथनं पुढे धरलं. ती उंबऱ्यापलीकडे तशीच. स्वतःच्या हाताकडे बघत होती. भाकरी करपल्याचा वास यायला लागला. तेव्हा तिने पदराला हात पुसले, आत आली, माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि भाकरी उलटली. म्हणाली, "किती जाड थापलीय."

मी बाजूला झालो. कुठे उभं राहावं ते कळेना. शालूने दार दाखवलं.

"आबा, परमनंट आली. तुम्ही घरी जा."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. थोड्या वेळाने शालू दारात आली. माझ्याकडे बघून तिला जरा वाईट वाटलं असावं. मिस्त्रीसारखी कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"उद्या गेटवर या. कुणी गैरहजर असलं तर बघू."