कुणाचीच नसलेली वाळू

“खाली उतरू नकोस! मुग्धा, दार ओढ! पाय आत घे!”

मी ओरडत होतो दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसच्या सहाव्या मजल्यावरून. ऐकणारी मुग्धा होती समुद्रापलीकडे, वाळवंटातल्या सरहद्दीवर, पुढचं चाक उडालेल्या गाडीत. मधे आमचा लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ. तसा माझा आवाज असा की फौजेत मला सेट फक्त शोभेला दिला होता. पण त्या दुपारी सेटची गरज लागली.

आधी माणसं सांगतो. मी सिग्नल्समधला रिटायर्ड सुभेदार. अर्धी नोकरी राजस्थानच्या वाळूत गेली. तिथलं ऊन असं, की बोललेले शब्द वाटेतच भाजायचे. ‘ओव्हर’ पलीकडे पोचेपर्यंत त्याचा पापड. रिटायर झाल्यावर इथल्या एका मदतसंस्थेत सिक्युरिटी ऑफिसर लागलो. गच्चीवर अँटेना चढवला तेव्हा बिल्डिंगच्या वॉचमननं विचारलं, “कौनसा चॅनल आता है, साब?” म्हटलं, “वो, जो कोई नहीं देखता.”

मुग्धा आमच्या संस्थेची संशोधक, इकडेच आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत वाढलेली मराठी मुलगी. लढाईतून पळालेली माणसं सरहद्द कुठून ओलांडतात आणि मदतीचं पाणी त्यांना का गाठत नाही, हा तिच्या संशोधनाचा विषय. इद्रिस तिचा ड्रायव्हर, तिथलाच. पूर्वी शारजात ट्रेलर चालवायचा, म्हणून हिंदी फर्डी. सकाळचा रेडिओ चेक झाला की रोज विचारायचा, “सुबेदार साब, आज का झूठ?” मी एक ठोकून द्यायचो. तो हसायचा, “रॉजर” म्हणायचा आणि गाडी सुरू करायचा.

त्या मुलखात चालत जाणाऱ्यांची एक रीत आहे. पाणी सापडलं की मागून येणाऱ्यांसाठी दगडावर एक जुनी चप्पल ठेवायची. टोक ज्या दिशेला, पाणी त्या दिशेला. चप्पल पायात हवी असताना माणूस ती काढून ठेवतो, म्हणजे ती खोटं बोलत नाही, असं इद्रिस म्हणायचा. मुग्धा या चपलांचाच नकाशा करत होती. त्या दिवशी एक लहान मुलाची चप्पल दिसली. टोक डावीकडे. इद्रिसनं गाडी डावीकडे घातली. आदल्या दिवशी वादळ झालं होतं. चप्पल वाऱ्यानं फिरली की कुणाच्या पोरानं फिरवली, कोण सांगणार? डावीकडे पाणी नव्हतं. सुरुंग होते.

“बेस, इद्रिसच्या पायातून रक्त येतंय. खूप येतंय. ओव्हर.”

“सामान बांधायचा पट्टा घे. जखमेच्या वर, मांडीला. पाना घाल त्यात आणि पीळ. तो ओरडेल. ओरडू दे. ओव्हर.”

तो ओरडला. मी ऐकलं.

“रक्त कमी झालं, काका. थांबलं नाही. ओव्हर.”

गाडीतून उतरायचं तर सुरुंगात पाय. हेलिकॉप्टर हाच मार्ग, पण जागा ज्याची त्याची परवानगी हवी. आमचे ऑपरेशन्स मॅनेजर हसनभाई, रत्नागिरीकडचे, दोन फोन दोन कानांना लावून बसले. एका कानात सरहद्दीची एक बाजू, दुसऱ्यात दुसरी. दोघांनाही ‘हबीबी’ म्हणून झालं, देवाची आण घालून झाली. शेवटी दोन्ही फोन टेबलावर ठेवले.

“खलास, सुभेदार. हा म्हणतो जागा त्याची. तो म्हणतो ह्याची.”

ज्या वाळूसाठी दोघं इतकी वर्षं एकमेकांची पोरं मारतात, ती त्या दुपारी कुणाचीच नव्हती.

“परत लावा, हसनभाई.”

“लावतो. इन्शाल्ला.” त्यांनी लावला. उत्तर तेच.

मी थापाड्या माणूस. माझ्या तोंडी युद्धं जिंकली जातात, रणगाडे धक्क्यानं सुरू होतात. त्या खोलीत एसीनं बोटं गारठली होती, समोर इथला दाट, उकळलेला करक चहा होता, आणि चौदाशे मैल पोचणारी थाप मारूनही मला एक घोट पाणी पलीकडे पाठवता येत नव्हतं.

“काका, गाडीची बॅटरी फुटलीय. स्पेअरवर बोलतेय. लाइट लाल झालाय. ओव्हर.”

“बोलायला करंट जास्त लागतो. आता बोलू नकोस, फक्त ऐक. सेट इद्रिसच्या कानाशी ठेव. त्याला झोपू द्यायचं नाही. आऊट.”

मग मी सुरू झालो. उत्तर येणार नव्हतं, तरी प्रत्येक गोष्टीनंतर ‘ओव्हर’ म्हणत होतो. उंटानं माझा हेडफोन गिळला आणि आठवडाभर त्याच्या पोटातून बातम्या ऐकू यायच्या, ती सांगितली. शत्रूच्या पहारेकऱ्याला रेडिओवरून पिठलं शिकवलं, ती सांगितली. घसा बसला तेव्हा हसनभाईंनी गुपचूप पाण्याची बाटली पुढे सरकवली. मी ती घेतली नाही. ऊन उतरेपर्यंत बोललो.

शेवटी सोडवायला ना हा आला, ना तो. आला माणसं पैसे घेऊन पलीकडे पोचवणारा एक दलाल, ट्रक घेऊन. आमच्याच गाडीच्या चाकोरीत पावलं टाकत चालत गेला आणि दोघांना एकेक करून पाठीवर घेऊन बाहेर आला. इद्रिसला सरहद्दीच्या अलीकडेच पुरलं. पलीकडे, त्याच्या गावी न्यायला परवानगी लागते. डोक्याशी त्याच्या बायकोनं नुसता दगड ठेवला, वर चप्पल नाही, असं कळलं.

मुग्धा परत आल्यावर तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं पोहे केले होते. कुणी खात नव्हतं. मुग्धा खिडकीशी बसली होती. मला एकच विचारायचं होतं.

“पोरी, कुठल्या गोष्टीला हसला गं तो?”

“तुम्ही सुरू केलंत त्याआधीच गेला होता, काका. सेट मी बंद नाही केला.”