ताईला हवा होता तो हात

आमच्या ताईला जन्मात कधी जिवाभावाची मैत्रीण नव्हती. मी होते ना, मग कशाला हवी? आई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. बाहेरच्या खोलीत माझं शिलाई मशीन, आतल्या खोलीत तिचे रंगाचे डबे. संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये ती जुन्या चित्रांच्या नकला करते. खऱ्या गुहेत माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होतात म्हणे, म्हणून यंदा तिला गुहेची अख्खी भिंतच नव्याने उभी करायची होती.

आणि त्या भिंतीला गिलावा करायला ती बाई आली. तिच्या हातात सदा गिलाव्याची थापी, म्हणून मनातल्या मनात मी तिला थापीच म्हणते. जेवताना ताईच्या तोंडी थापी, भांडी घासताना थापी. थापीचा हात किती साफ, थापी किती कमी बोलते. मी म्हटलं, एवढी गुणाची आहे तर तिच्याकडेच राहायला जा. ताई नुसती हसली, त्याने तर माझं डोकंच फिरलं.

त्या गुहेत हातांचे ठसे होते, हजारो वर्षांपूर्वीचे. एकाने भिंतीवर पंजा टेकवायचा आणि दुसऱ्याने तोंडात गेरूचं पाणी धरून नळीतून त्यावर फुंकायचं. हात काढला की गेरूत कोरा पंजा उरतो. एकट्याचं काम नव्हे ते. अशानेच परकी माणसं एकमेकांची झाली असतील, ताई म्हणाली.

"होतात ना, बघतेय की मी," मी म्हटलं.

खरं तर सराव पहिल्यांदा माझ्यावरच झाला होता, स्वयंपाकघरात, पुठ्ठ्यावर. गार फवारा बोटांवर आला की मला गुदगुल्या व्हायच्या, हात हलायचा, ठसा फिसकटायचा. आम्ही दोघी हसून हसून बेजार. मग ताईने पुठ्ठे आणणं बंद केलं. एका संध्याकाळी ती घरी आली ती डाव्या हाताची पाठ गेरूने माखलेली घेऊन. कुणी फुंकलं, हे विचारायची गरजच नव्हती. मी ताट वाढलं आणि मशीनवर जाऊन बसले.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा ताईच म्हणाली, वर्कशॉपला येशील का, एक हात राहिलाय. बाकीचे सगळे त्या दोघींच्या हातांचे झाले होते. आली बाई आठवण! मी इस्त्रीचे कपडे घालून गेले.

दारातच थापी भेटली. धाकट्या तुम्हीच ना, या या, म्हणाली, जसं काही तिचंच घर. मी भिंतीवर पंजा टेकवला. आज हिला दाखवतेच, असं ठरवलं होतं. दात आवळले, श्वास रोखला. ताईने फुंकलं. गुदगुल्या झाल्या, पण एक बोट हलू दिलं नाही. ठसा इतका स्वच्छ उमटला की थापीचे त्यापुढे फिके. मी तिच्याकडे वळून बघितलंसुद्धा.

ताईने मात्र गुहेचा फोटो माझ्यापुढे धरला. सगळ्या हातांत एक हात फिसकटलेला होता. कुणीतरी ऐन वेळी हललं होतं.

"हिला हलायला सांगून पाहिलं. खोटं दिसतं," ताई म्हणाली. "म्हणून तुला आधी काही बोलले नाही. मला तू हललेली हवी होतीस गं."

थापीने ओला बोळा घेतला आणि माझा ठसा पुसून टाकला. मी पुन्हा हात टेकवला. या खेपेला गुदगुल्या जाणवल्याच नाहीत. तरी हात हलला, हुंदक्यासरशी पार खांद्यापासून हलला. ताई फुंकत राहिली.

तोच ठसा आता भिंतीवर आहे. बघायला येणारे हमखास तिथे थांबतात. थापी जवळपास असली की त्यांना कौतुकाने सांगते, आमची धाकटी हसली ना, म्हणून असा झाला. आमची? मी हिची कधीपासून झाले? आणि हसले तर मुळीच नव्हते. ते ताईला ठाऊक आहे, थापीला नाही. तेवढं मी तिला कधी सांगणार नाही.