कॅलेंडरमागची कुंभारीण

जयवंतकाका मिठबावकर पाच मिनिटं एका जागी बसलेत, असं मी कधी पाहिलं नाही. डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या खोल्या लागून, मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांच्या येरझाऱ्या मला पाठ आहेत. दादरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं परिचर म्हणून काढली. कीटक पकडायचे, टाचणीला लावायचे, ओळखायचे काकांनी. नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘ओळख पटवणारा’ म्हणून नाव मात्र साहेबांचं. काका याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. राग मलाच येतो.

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरमागे एक काळी माशी चिखल आणून लावायला लागली. काका चहा पिता पिता सहज बोलून गेले, “कुंभारीण दिसते.”

झालं! मीराकाकूंनी तेवढंच ऐकलं. कुंभारणीने घर केलं की त्या घरात मूल येतं, ही समजूत त्यांनी गावाहून सोबत आणलेली. सून अक्षदाच्या लग्नाला सात वर्षं झालेली.

“हात लावू नकात हां,” काकूंनी नवऱ्याला बजावलं. “आता पाळणो हलतलो.”

मग काय, येणाऱ्या प्रत्येक बाईला कॅलेंडर बाजूला करून दाखवणं सुरू झालं. बाई आधी चिखलाकडे बघायची, मग अक्षदाच्या पोटाकडे. मुलगा धनेश अशा वेळी गॅलरीत जाऊन मोबाइल बघत बसायचा.

चौथ्या दिवसापासून काकांचं बिनसलं. ते भिंग घेऊन स्टुलावर चढायचे, उतरायचे, गॅलरीत जायचे, परत चढायचे.

“हिने वरून लिंपलं का नाही रे?” त्यांनी मला विचारलं. कुंभारीण मडकी करते आणि सगळ्यांवर चिखलाचा थर देते, नुसता गोळा दिसतो. इथे सात मडकी उघडीच होती. मी बँकेतला माणूस, मला काय कळणार?

“एक फोडलं की कळेल,” ते म्हणाले. “कुंभारीण मडक्यात बारीक कोळी ठासून भरते, पायांसकट. दुसरं एक कुळ आहे, तेही कोळ्यांचीच शिकार करणारं. त्यातल्या मडकी करणाऱ्या माश्या एका मडक्यात एकच मोठा कोळी ठेवतात. तो मावावा म्हणून पाय कापतात.”

पण फोडायचं कसं? काकूंचा जीव त्या चिखलात अडकलेला.

रविवारी मी सकाळी नेलेलं त्यांचं स्टूल परत द्यायला गेलो, तेव्हा समोरच्या कमलाबाई “मग, गोड बातमी कधी?” असं विचारून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. अक्षदाने कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं.

“बाबा, फोडा ते.”

“अगो, तुका कळता काय?” काकू आतून आल्या.

“कळतंय आई. रोज लोक हे बघतात आणि मग मला बघतात. माझ्याने नाही होत आता.”

काकू बाजूला झाल्या. काकांनी जुनी सुई आणली. कागदावर एकच कोळी पडला, धड तेवढं, आठही पाय मुळाशी छाटलेले. पोटाला एक पांढरी अळी चिकटलेली.

“एकच?” अक्षदाने विचारलं.

“एका मडक्यावर ओळख देत नाहीत,” म्हणत काकांनी दुसरं फोडलं. तिथेही तसाच, एकच.

काका कागद घेऊन काकूंसमोर उभे राहिले. “ही कुंभारीण नव्हे. मी चुकलो.”

काकूंनी कागद जवळ ओढला. “मगे आधी कित्याक सांगितलात?”

 काकांनी उरलेली पाच मडकी डबीत ठेवली आणि चिठ्ठी लिहायला बसले. ‘कुळ: कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्या. जात: माशी बाहेर आल्यावर बघू. आधीची चुकीची ओळख: कुंभारीण, ज. मिठबावकर. ओळख पटवणारा: ज. मिठबावकर.’ एकतीस वर्षांनी नाव लागलं, तेही आधी चुकीपुढे.

दुसऱ्या दिवशी कमलाबाईंनी सवयीने कॅलेंडरला हात घातला. मी दारातच होतो.

“ती कुंभारीण नव्हती,” काकू म्हणाल्या. “आमच्या ह्यांची चूक.”

अक्षदा चहा घेऊन आली आणि कपबशी ठेवून, कितीतरी महिन्यांनी, त्यांच्यात खाली बसली. सात वर्षं त्या घरात चूक तिचीच ठरत आली होती.