वही मिटून लिहिलेला लेख

मी कॉलेजात मराठी शिकवतो, आणि वर्षातून एकदा एम.ए.च्या वर्गाला चोरी कशी करू नये हेही शिकवतो. अभ्यासक्रमात त्याला वाङ्मयचौर्य असं भारदस्त नाव आहे. आमच्या नेवासा तालुक्यातल्या मुलांना ते नाव ऐकूनच जांभया येतात, म्हणून मी उदाहरणं देतो. एकाने पर्यावरणाच्या प्रकल्पात इंटरनेटवरचा मजकूर उतरवला होता, तो इतक्या निष्ठेने की ‘पुढे वाचण्यासाठी येथे क्लिक करा’ हेही सुवाच्य अक्षरात लिहून खाली पट्टीने रेघ मारली. दुसरीने मागल्या वर्षीच्या मुलीचा प्रकल्प उचलला आणि त्या मुलीच्या नवऱ्याचे आभारही तसेच ठेवले. वर्ग खो खो हसतो. मग मी माझा मंत्र सांगतो. वाचा, वही मिटा, घोटभर पाणी प्या आणि आपल्या शब्दांत लिहा. आणि कुठून घेतलं ते खाली नोंदवा.

या मंत्राचा पहिला भाग मी स्वतः तंतोतंत पाळलेला आहे. दुसरा पाळला नाही, आणि त्याबद्दलच लिहायला बसलोय.

ज्या मुलीची ती वही होती, ती तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील घोडेगावच्या बाजारात जनावरांचे व्यापारी. शाळा दुसरीत सुटलेली, पण बैलाच्या तोंडात एकदा बोट घातलं की त्याचं वय सांगणार. बोलीभाषेवरच्या एका साध्या स्वाध्यायासाठी तिने वडिलांशेजारी बसून त्यांचे शब्द टिपले होते. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. जनावरांच्या खोडींची नावं वेगळी, चालींची वेगळी. मी पाच पानं मागितली होती, तिने अख्खी लाँगबुक भरून आणली. प्रत्येक शब्दापुढे वडील बोलले तसं वाक्य लिहिलेलं. त्यातलं एक मला तोंडपाठ झालं: ‘जनावर इकत घेताना मालकाच्या तोंडाकडं बघू नये, जनावराच्या तोंडात बघावं.’

वही मी दोन दिवसांसाठी म्हणून घरी नेली. त्याच सुमारास माझी पदोन्नती एका लेखासाठी अडली होती आणि नगरच्या चर्चासत्राची तारीख डोक्यावर आली होती. मी वही वाचली, मिटली, पाणीसुद्धा प्यालो आणि आपल्या शब्दांत लिहायला बसलो. तिचं साधं सरळ निवेदन मी प्रमाणभाषेत नेलं, चार जाडजूड पारिभाषिक शब्द पेरले. वडिलांची वाक्यं मात्र बदलवेनात. ती अवतरणात ठेवली आणि आधी लिहिलं, ‘एका व्यापाऱ्याच्या म्हणण्यानुसार’. शेवटी आभार मानले ते ‘विद्यार्थ्यांचे’. विद्यार्थिनी एकच होती. शब्द बदलले की चोरी पुसली जाते असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. बाजारात म्हातारा बैल विकायला आणताना तो तरणा दिसावा म्हणून शिंगं साळून आणतात, त्यातलाच हा प्रकार.

लेख छापून आला तेव्हा मी मोठ्या उदारपणे तिला एक प्रत दिली. दुसऱ्या दिवशी ती हसत हसत सांगत आली, “सर, आप्पांना सगळा वाचून दाखवला. म्हनले, आपलं बोलनं सरांनी पुस्तकात घातलं. पेटीत जपून ठिवलाय.” मला कृतकृत्य वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा ती वाटली नाही.

दोन वर्षांनी तिने एम.ए.च्या लघुप्रबंधाला हाच विषय घेतला. मार्गदर्शक मीच. तिने नव्याने बाजार पालथा घातला, वडिलांबरोबर टेम्पोत बसून गावोगाव हिंडली. राहात्याच्या एका शाळेत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, एम.ए. पूर्ण झालं तर जूनपासून नोकरी, नाही तर जागा दुसऱ्याला. प्रबंध जमा करायला तीन दिवस उरले असताना ग्रंथपालांनी तो चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि मला बोलावलं. वडिलांची वाक्यं असलेली पानंच्या पानं पिवळी झाली होती. कडेला जिथून मजकूर घेतला त्याचं नाव येतं, तिथे माझ्या लेखाचं नाव होतं.

“सोपं आहे, सर,” ग्रंथपाल म्हणाले. “मार्गदर्शकाचाच लेख आहे. तिला तुमचा संदर्भ द्यायला सांगा, नाही तर वाक्यं फिरवायला सांगा.”

तिला बोलावलं. अहवाल तिने दोनदा वाचला. “सर, पन हे शब्द आप्पांचे हायेत ना? मी कुनाचं न्हाई घेतलं.”

याला उत्तर एकच होतं आणि ते माझ्या जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, “वाक्यं जरा फिरवून बघ.”

तिने तिथेच बसून फिरवून पाहिलं. वर्गातली सगळ्यात आज्ञाधारक मुलगी ती. तासाभराने कागद पुढे केला: ‘पशुखरेदीप्रसंगी विक्रेत्याच्या मुखमुद्रेपेक्षा पशूच्या दंतपंक्तीचे निरीक्षण करणे इष्ट ठरते.’

मी वाचलं आणि कागद तिच्यापुढे परत सरकवला. “सर,” ती हळूच म्हणाली, “आप्पा असं कवा बोलतील?”

मग मात्र मी उठलो आणि प्राचार्यांकडे गेलो. सगळं सांगितलं, वही तिची, लेख माझा, चूक माझी. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, हा लेख तुमच्या पदोन्नतीच्या फायलीत आहे. लेखी दिलंत तर विद्यापीठाला कळवावं लागेल, समिती बसेल. समिती बसली की मूळ कोणाचं हे ठरेपर्यंत पोरीचा प्रबंधही अडकणार. ठरवा तुम्ही. ते खोटं बोलत नव्हते. बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखंही वाटलं, हे लपवत नाही. खरं बोलून तिचं वर्ष बुडतं आणि गप्प बसून मी तरतो, असा हा हिशेब. त्यात माझ्या हातात काहीच नाही असं म्हणायची सोय होती, आणि मी ती पुरेपूर वापरली.

प्राचार्य काय म्हणाले ते तिला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. “राहू द्या, सर. वर्ष जायला नको. तुमचं नाव टाकते.” तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन दिवसांत तिने प्रबंध पुन्हा टाईप करून आणला. आदत, दुसा, चौसा, प्रत्येक शब्दावर बारीक आकडा आणि पानाच्या तळाशी माझं नाव. तिच्या बापाच्या तोंडचं प्रत्येक वाक्य आता माझं झालं होतं. तळटीपा अगदी नियमाप्रमाणे होत्या, मीच शिकवल्या होत्या. मी सही केली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी वडील तिच्याबरोबर आले होते. स्वच्छ धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. परीक्षक बाहेरून आलेले, रसिक माणूस. पानं उलटता उलटता थांबले आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मालकाच्या तोंडाकडं बघू नये, जनावराच्या तोंडात बघावं. “वा! हे कुठं मिळालं तुम्हाला?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “सरांच्या लेखात. पान सत्तेचाळीस.”

परीक्षक माझ्याकडे वळले. “सर, कमाल आहे! बरंच फिरलेले दिसता तुम्ही बाजारातून.”

दार उघडंच होतं. दारातून फेट्याचा शेमला दिसत होता. मी म्हणालो, “हो, थोडंफार.”

ती उत्तम गुणांनी पास झाली. परीक्षकांना चहाला नेताना मी तिच्या मागेच व्हरांड्यात आलो. वडील घाईने बाकावरून उठले. “काय इचारलं गं? माझ्या शब्दांचं इचारलं का काही?”

“इचारलं ना, आप्पा,” ती म्हणाली. “सगळ्यात जास्त तुमचंच इचारलं.”

म्हातारा खूश झाला. माझ्याकडे वळून त्याने दोन्ही हात जोडले, आणि मीही जोडले.