दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

संगीत माणसं जोडतं. हे वाक्य मी सोलापुरात एका गणेश मंडळाच्या कमानीवर वाचलं होतं. त्या वेळी कमानीखाली बँड आधी कुणी पुढं न्यायचा यावरून दोन मंडळांची मारामारी चालली होती. तरीही वाक्य मला पटलं होतं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि त्या वयात कमानीवरचं बरंच काही पटतं.

एकोणीसशे पंचाहत्तर साली मी कुवेतला जायला निघालो. मुंबईची गाडी सोलापूर स्टेशनात उभी होती. आप्पा गिरणीतून पाळी संपवून तसेच आले होते, डोक्यात कापसाचे तंतू. तीस वर्षं साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या, खडखडाटात काढल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नसे. मला दिलेला उपदेश सगळ्या फलाटानं ऐकला.

"पत्र लिव्हत जा! कागदाच्या दोनी बाजूंनी लिव्हायचं!"

"हळू बोला की," आई म्हणाली. "त्यो काय साच्यावर हुबा हाय का?"

आईनं शेंगाचटणीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा उचलून माझ्या बॅगेत खोल दाबला. धाकटा भाऊ सिद्राम खिडकीच्या गजांना धरून उभा होता. त्याला बाकी कशाशी घेणं नव्हतं. "दादा, तितं काय झ्याक ऐकलंस तर माज्यासाठी पाठीव," एवढंच तो तीनदा म्हणाला. गाडी हलली तेव्हा आप्पा चालत चालत ओरडले, "दोन वर्सांनी ये!" मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता, पण आप्पांनी तो होकार धरला. ही त्यांची जुनी सवय होती, आणि ती पुढं महागात पडली.

आमचं घर कुंभारीत, शहराबाहेर. मी आयटीआय करून नव्या पेठेत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करत असे. गाव सोडून चाललेल्या कुणा परदेशी मास्तरणीनं आपला रेकॉर्ड प्लेअर तिथं विकला होता आणि त्याबरोबर एक रेकॉर्ड फुकट आली होती. कव्हर नव्हतं. मधलं लेबल पाण्यानं धुऊन गेलं होतं. त्यामुळं रॉक संगीतातला माझा पहिला आवडता अल्बम कुणाचा, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. पुढं कळलं तेव्हा थोडा हिरमोड झाला, कारण तो सगळ्या जगाला आवडतो. आम्हाला वाटलं होतं तो नव्या पेठेतल्या दोघांनाच आवडतो.

दुसरा म्हणजे सिद्राम. शाळा सुटली की तो दुकानात यायचा आणि रिकाम्या खोक्यांवर त्या रेकॉर्डमधले ढोल वाजवायचा. गायक किंचाळायला लागला की मालक म्हणायचे, "अरे, त्याचं काय दुखतंय ते बघा तरी." इंग्रजी आम्हा दोघांनाही यथातथाच येत होतं, त्यामुळं शब्दांनी आमचा कधी अपेक्षाभंग केला नाही.

कुवेतमध्ये मी एका कंपनीच्या कॅम्पात इलेक्ट्रिशियन होतो. एका खोलीत सहा जण. वाळू, एसीची घरघर, कफिलाकडं, म्हणजे तिथल्या मालकाकडं, ठेवलेला पासपोर्ट, आणि शुक्रवारी बाजार. त्या बाजारात एक कॅसेटचं दुकान होतं. मालक मिसरी, म्हणजे इजिप्तचा. तुम्ही बोट दाखवाल तो अल्बम तो कॅसेटवर उतरवून द्यायचा, आणि कव्हरवर अरबीत काय लिहायचा ते त्यालाच ठाऊक. तिथं मी पहिल्यांदा रेगे ऐकलं. ठोका जिथं पडायला हवा तिथं पडतच नाही, जरा थांबून पडतो. पहिल्यांदा वाटलं मशीन बिघडलंय. मग लक्षात आलं, हे लोक मुद्दाम तसं वाजवतात, आणि त्यांना कसलीही घाई नाही. कॅम्पात भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला याचं किती अप्रूप वाटलं असेल, हे माझ्यासारखे जे बाहेर गेले त्यांना सांगायला नको.

घरी पत्रं लिहायचो. आप्पांच्या हुकुमाप्रमाणं दोन्ही बाजूंनी. पण लिहायचं काय? सुपरवायझर शिव्या देतो, हे लिहिता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा केरळी मुलगा बांधकामाच्या पायाडावरून पडला आणि आठवड्यात त्याच्या खाटेवर दुसरा आला, हे तर नाहीच. म्हणून मी अल्बमबद्दल लिहायचो. पहिली बाजू अशी, दुसरी बाजू तशी. आज ती पत्रं कुणी वाचली तर त्याला वाटेल हा माणूस कुवेतला गाणी ऐकायलाच गेला होता.

सत्त्याहत्तरच्या शेवटी, दोन वर्षांचा वायदा उलटून गेल्यावर, मी स्वतः येण्याऐवजी टेपरेकॉर्डर पाठवला. कॅम्पातला मोडनिंबचा एक गडी सुटीवर निघाला होता, त्याच्याबरोबर. सोबत दोन कॅसेटी: एक रॉकची, एक रेगेची. सिद्रामला चिठ्ठीत लिहिलं, "रेगेची दुसरी बाजू नीट ऐक. तिसरं गाणं मात्र भरताड आहे, ते पुढं ढकल." शिवाय लिहिलं की तुम्हीही बोलून कॅसेट पाठवा, इथं सगळ्यांच्या घरून तशा येतात. ते खरंच होतं. शुक्रवारी आमच्या खोलीत सहा गावांच्या बायका-पोरांचे आवाज एकाच वेळी चालू असत.

कोरी कॅसेट पाठवायचं मात्र मला सुचलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात मोडनिंबचाच दुसरा एक गडी सुटीवरून येताना माझीच रेगेची कॅसेट परत घेऊन आला. सिद्रामची चिठ्ठी होती: "आप्पा बोललेत. दुसरी बाजू, तिसरं गाणं. बाकी कशाला धक्का लावला नाही."

खोलीत सगळे होते. मी कॅसेट लावली. दुसरं गाणं संपलं, खट्ट आवाज झाला, आणि आप्पा साच्यावरच्या आवाजात गरजले:

"वरती मधोमध श्री! उजव्या हाताला, मुक्काम कुंभारी! चिरंजीव नागनाथ यास अनेक आशीर्वाद. विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असून तुमचे क्षेम कळवीत जावे."

ते बोलत नव्हते. त्यांनी आधी पत्र लिहिलं होतं आणि ते मशीनला वाचून दाखवत होते, श्री कुठं काढला आहे त्यासकट. खरं तर मला भरून यायला हवं होतं. मला हसू फुटलं. मी उलटं फिरवून 'वरती मधोमध श्री' पुन्हा लावलं आणि हिंदीत समजावून सांगितलं. खोलीभर हशा झाला. भारदस्तपणाची खिल्ली उडवणं हा माझा तेव्हापासूनचा गुण, आणि त्या दिवशी तो सगळ्यांना आवडला.

पुढं काय असणार ते मला पाठ होतं. आप्पांचं प्रत्येक पत्र सारखं: पाऊस कमी, म्हशीची तब्येत, वडिलधाऱ्यांचे आशीर्वाद. मी बटण दाबून पुढं ढकललं. किलबिल किलबिल करत आप्पा पळाले आणि चौथं गाणं लागलं. ते चांगलं होतं.

उत्तराची कॅसेट मी पंधरा दिवसांत भरली. 'तुमचा आवाज स्वच्छ आला' असं म्हणालो. बाकीच्या जागेत सिद्रामसाठी आणखी एका अल्बमची चार गाणी टाकली.

एकोणऐंशीच्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा सुटीवर आलो. आप्पा निवृत्त झाले होते. सिद्राम घरी नव्हता. भिवंडीला गेला म्हणाले, मागावर. मी चकित झालो. अंगणातल्या बाजेवर आप्पांशेजारी बसलो आणि विचारलं, "गिरणीत नाही लागला? निवृत्त होणाऱ्याच्या जागी पोरगा घेतात ना?"

आप्पांनी मान वळवली.

"तुजंच नाव दिलं होतं की. दोन येळा पुकारलं हापिसात. मग दुसऱ्याचा पोरगा घेतला त्यांनी."

"माझं? मला कुठं विचारलंत?"

"टेपात सांगितलं की," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा ते हळू बोलले.

आई आतून म्हणाली, "ऐकलं न्हायस व्हय रं?"

"ऐकलं," मी म्हणालो. "ऐकलं होतं. लक्षात नाही राहिलं."

यातलं कुठलं वाक्य जास्त वाईट, याचा मी पुढं बराच विचार केला आहे.

कुवेतला परतल्यावर खोली रिकामी असताना ती कॅसेट लावली. श्री झालं, क्षेम झालं, पाऊस झाला, म्हैस झाली. मग कागद खाली ठेवल्याचा आवाज आला आणि आप्पा पहिल्यांदाच नुसते बोलले.

"नागू, आता बोलतो. दिवाळीला माजं गिरणीतलं संपतंय. माज्या जागी एक पोरगा घेत्यात. दसऱ्याच्या आत हापिसात नाव द्यायचं हाय. तू थोरला, जागा तुजी. तू येनार आसशील तर तुजं नाव. न्हाय तर सिद्रामचं. माज्या मनानं मी त्याचं घालनार न्हाय. उद्या तू म्हनशील, बापानं परस्पर धाकट्याला दिलं. तुज्या तोंडनं कळू दे. घाई न्हाय, पन दसऱ्याच्या आत." मग दुरून, "तू बोल की गं." आणि आईचा आवाज, "मशिनीत काय बोलू? त्यो आल्यावर बोलन." पाठोपाठ चौथं गाणं.

पुन्हा कुणी विचारलं नाही. आप्पांना वाटलं, विचारलेलं परत विचारलं की ते मागणं होतं. सिद्रामनं विचारलं असतं तर ते स्वतःसाठी मागितल्यासारखं झालं असतं. आणि माझ्या कॅसेटमध्ये 'आवाज स्वच्छ आला' होतं, नकार कुठंच नव्हता. नकार नाही म्हणजे पोरगा येणार. फलाटावरच्या मान हलवण्याचाही त्यांनी तोच हिशेब केला होता. माझ्यासाठी धरून ठेवलेल्या जागेसाठी त्यांनी दोन वेळा माझं नाव ऐकलं, आणि दोन्ही वेळा ते एकटेच उभे होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मिसरी दुकानदारानं मला अमेरिकेतली एक नवी कॅसेट ऐकवली. मागं दुसऱ्याच कुणाच्या तरी रेकॉर्डचा तुकडा फिरतोय, आणि वर एक माणूस नुसता बोलतोय, मोठ्यानं, आपलं नाव, आपला मोहल्ला सांगत. "नया माल," तो म्हणाला. मला ते पहिल्या मिनिटातच ओळखीचं वाटलं. मुक्कामाचं गाव आधी सांगून दुसऱ्याच्या रेकॉर्डवर आपलं म्हणणं ऐकवणारा माणूस मी कुंभारीत ऐकला होता. तेव्हापासून हिपहॉप मला आवडतं. आवडतं म्हणणं बरोबर नाही, पण मी ते पुढं ढकलत नाही.

मी कुवेतला पंधरा वर्षं काढली, मग पुण्यात घर घेतलं. सिद्राम भिवंडीतच राहिला. मागाच्या दणक्यात त्याचे कान अधू झाले, आता फोनवर तोही आप्पांसारखाच ओरडतो. ती गिरणीही पुढं बंद पडली. म्हणजे जागा मिळाली असती तरी ती गेलीच असती, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं. पण बंद पडेपर्यंतची वर्षं सिद्राम आई-आप्पांजवळ असता. आई गेली तेव्हा आम्ही दोघंही दुसऱ्या दिवशी पोचलो. 'त्यो आल्यावर बोलन' असं ती टेपात म्हणाली होती. मी सुटीवर आलो त्या महिनाभरात ती माझ्याशी जेवणाखाण्याखेरीज काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

कॅसेट पुढं ढकलली होती, हे मी सिद्रामला गेल्या वर्षी सांगितलं. आप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

"ऐकलं दादा, दोन येळा कशाला सांगतोस," तो म्हणाला. "चूक माजी हाय. भरताड गाण्यावर भरलं. चांगल्या गाण्यावर भरायला पायजे होतं. चिडून तरी पुरतं ऐकलं आसतंस."

माझ्यासारखे गेलेले लोक भेटले की घराची गोष्ट निघते. कुणी झाड सांगतं, कुणी विहीर. कुंभारीचं घर आम्ही विकलं, तिथं आता पत्र्याची शेड आहे. मला सांगता येईल अशी घराची एकच जागा उरली आहे, आणि ती एका परक्या देशाच्या अल्बममध्ये दुसऱ्या गाण्याच्या पुढं आणि चौथ्याच्या मागं आहे. ती कॅसेट मशीननं कधीच खाऊन टाकली.

तो अल्बम मग सीडीवर घेतला, आता फोनवर आहे. त्यात तिसऱ्या गाण्याच्या जागी तिसरं गाणंच आहे. मी ते दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. भरताडच आहे.