पाच दिवस दाबून ठेवलेलं उत्तर

सोमवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास मला उत्तर सापडलं आणि मी ते कुणालाही न सांगता घरमालकीणबाईंच्या हातचा चहा प्यायला खाली अंगणात उतरलो. इतका चवदार चहा घोटावड्यात मी त्याआधी प्यालो नव्हतो.

उत्तर माझ्या कामाचं नव्हतं, म्हणून तर चव. ते होतं वरच्या खोलीत राहणाऱ्या सोलापूरवाल्यांच्या कामाचं. आम्ही दोघं हिंजवडीतल्या एकाच कंपनीत आणि घोटावड्यातल्या एकाच मालकाचे भाडेकरू. मी तळमजल्यावर, चार वर्षांपासून. ते वर, तीन महिन्यांपासून. वय माझ्याएवढंच, पंचेचाळिशीच्या पुढेमागे. वीस वर्षं त्यांनी एका सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळले. ती बँक दुसऱ्या बँकेत गेली, हे मोकळे झाले आणि तीन महिन्यांच्या बोलीवर आमच्याकडे लागले. त्या शुक्रवारी बोली संपत होती. शुक्रवारी आमच्या टीमप्रमुख मॅडमसमोर स्वतः बांधलेली सेवा, म्हणजे सर्व्हरवर सतत चालत राहणारा प्रोग्रॅम, चालवून दाखवायची. चालली तर नोकरी कायम, नाही चालली तर गाडी सोलापूरला परत.

कायम झाले की बायको आणि आई इकडे येणार होत्या. त्या भरवशावर मालकांनी वरच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा बांधायला घेतला होता. ओट्याची उंची विचारायला सोलापूरवाल्यांनी बायकोला फोन लावला, तो स्पीकरवर. ती पलीकडे कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरून माप सांगत होती. बाई ठेंगणी. माप ऐकून गवंडी म्हणाला, "एवढा खाली? पोरांचा खेळ हाय का?" मालकीणबाई आणि फोनवरची बाई, दोघी हसत सुटल्या. मीही हसलो. मी चार वर्षं राहत होतो, माझ्या खोलीत साधी फळी कुणी ठोकली नव्हती.

तर सोमवारी आम्ही घरूनच काम करत होतो. त्यांनी मला वर बोलावलं. एका कोपऱ्यात गवंडी विटा लावतोय, दुसऱ्या कोपऱ्यात हे पलंगावर मांडी घालून लॅपटॉपसमोर.

"सर, जरा बघा की. कंटेनर सुरू होतंय आणि लगेच बंद पडतंय."

कंटेनर म्हणजे एक बंद डबा समजा. आत तुमचा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान. डबा उघडला की प्रोग्रॅम धावतो, प्रोग्रॅम संपला की डबा मिटतो. त्यांनी आज्ञा दिली. पडद्यावर आलं, चालू. दोन सेकंद. मग, बंद. शेवटी एक आकडा, शून्य. आणि नोंदवहीत, म्हणजे डबा स्वतःबद्दल जे लिहून ठेवतो त्यात, एकच ओळ: सेवा सुरू झाली.

"चूक असती तर आकडा वेगळा आला असता ना?" ते म्हणाले. "शून्य म्हणजे सगळं व्यवस्थित. व्यवस्थित आहे तर मग मरतंय कशाला?"

मी त्यांच्या सुरुवातीच्या फाइलची शेवटची ओळ पाहिली. ओळीच्या टोकाला ते चिन्ह होतं, इंग्रजी 'आणि'चं, वळणदार. सर्व्हरवाल्यांच्या जगात ते चिन्ह म्हणजे प्रोग्रॅमला हुकूम, तू मागे जाऊन काम कर. बँकेत वीस वर्षं त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅम असाच मागे पाठवला होता. का, तेही त्यांनी मला एकदा अभिमानाने सांगितलं होतं: एका सहकाऱ्याने पुढे चालणारा प्रोग्रॅम तसाच ठेवून पडद्यावरची खिडकी बंद केली, तिच्याबरोबर प्रोग्रॅमही बंद पडला, हा घरी गेला आणि सगळ्या शाखांचे काउंटर ठप्प. तेव्हापासून यांचा हात आपोआप त्या चिन्हावर जायचा. त्यांच्या दृष्टीने ती शिस्त होती.

पण कंटेनरला फक्त दारात उभा असलेला माणूस दिसतो. तो मागच्या खोलीत गेला की कंटेनर समजतो, घर रिकामं झालं. आणि कुलूप लावतो, आतल्यांसकट. मरणाचं कारण काही नाहीच, म्हणून आकडा शून्य.

मी हनुवटी चोळली. कपाळाला आठ्या घातल्या. "मेमरी वाढवून बघा," म्हणालो.

तुम्ही विचाराल, का? चार वर्षांपूर्वी हीच चूक मी केली होती. नऊ दिवस मी त्या शून्याकडे बघत बसलो आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस नऊ दिवस शेंगदाणे खात बसला. दहाव्या दिवशी तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." तेव्हापासून मी वाट बघत होतो. मलाही एकदा शेंगदाणे खायचे होते.

खाली अंगणात मालक भाताच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. आनंद पोटात राहीना, म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. चिन्ह, दार, कुलूप, सगळं.

मालकांनी दाभण थांबवलं. "मंग सांगा की त्यास्नी."

"सांगणार ना. शुक्रवारी."

"आज का न्हाई?"

"आज सांगितलं तर मजा काय? शुक्रवारी सगळ्यांसमोर मी उठणार, एक चिन्ह पुसणार आणि डबा उभा राहणार. टाळ्या! त्यांची नोकरी पक्की, माझी वाहवा."

"तुमी लई हुशार हाय," मालक म्हणाले आणि पुन्हा शिवायला लागले. मी ते कौतुक समजलो.

मंगळवारी त्यांनी मेमरी दुप्पट केली. शून्य. दुपारी मी म्हणालो, "पोर्ट बदलून बघा, आत यायचा तो रस्ता कुणीतरी अडवत असेल." बदलला. शून्य. बुधवारी त्यांनी सगळं पुसून मुळापासून डबा नव्याने बांधला. बांधायला वीस मिनिटं, मरायला दोन सेकंद. ते प्रत्येक प्रयत्न एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहीत, पुढे उत्तर: बंद. पुन्हा बंद. माझ्या प्रत्येक सल्ल्यापुढे कंसात 'सरांनी सुचवलं'. मी ती वही उलटून बघितली आणि हसू दाबायला मला जिन्यात उभं राहून तोंडावर रुमाल धरावा लागला.

एकदा तर ते अगदी जवळ आले. बुधवारीच, जेवताना. "सर, मी प्रोग्रॅम मागे पाठवतोय, त्याचा काही संबंध?"

माझा घास थांबला. पण थांबला क्षणभरच. "छे! ती तर चांगली सवय," मी म्हणालो.

ते समाधानाने हसले. वीस वर्षांची शिस्त बरोबर निघाली म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू मला अजून जसंच्या तसं दिसतं. आणि हो, तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

गुरुवारी त्यांना आणखी एक युक्ती सापडली: डबा मेला की आपोआप पुन्हा सुरू करायचा. आता तो दोन सेकंद जगायचा, मरायचा, जगायचा, मरायचा. पलंगावर लॅपटॉप ठेवून ते तो पडदा बघत बसले. शेजारी ओटा पूर्ण झाला होता, वर काळी कडप्पा फरशी, ओली, चकचकीत. मालकीणबाईंनी तिच्यावर हळदकुंकू लावलं. "हात लागायच्या आधी ह्ये करावं," त्या म्हणाल्या. "वैनी आल्या की पैली पोळी हितंच."

शुक्रवारी सकाळी ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. माणच्या रस्त्याला सिमेंटच्या गाड्यांची रांग, आम्ही बराच वेळ अडकलो. इतका वेळ की मी सगळं तीनदा सांगू शकलो असतो. मागून ते म्हणाले, "सर, नाहीच चाललं तर मॅडमना जरा सांगाल का, की मी प्रयत्न केले?"

"अहो, चालेल हो!" मी ओरडलो. आतून मी रंगमंचामागे उभ्या असलेल्या नटासारखा फुललो होतो.

मीटिंगमध्ये मी ठरवलं होतं तसंच झालं. त्यांनी दाखवलं: चालू, बंद, चालू, बंद. मॅडम आमच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, हातावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मी उठलो. खोकलो. "मी जरा बघू?" सोलापूरवाल्यांच्या खांद्यावरून हात घातला, शेवटच्या ओळीवर गेलो, ते एक चिन्ह पुसलं, डबा पुन्हा बांधून सुरू केला. चालू. दहा सेकंद. एक मिनिट. चालूच.

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मी मान लववली.

मग मॅडम म्हणाल्या, "एक चिन्ह होतं? आणि तुम्हाला पाच दिवस लागले?"

हे वाक्य माझ्या नाटकात नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, ही चूक कुणाचीही…"

"तुम्हाला अर्ध्या मिनिटात दिसली ना."

खरं बोललो असतो तर त्यांची नोकरी राहिली असती आणि माझी गेली असती. सोलापूरवाल्यांची वही समोरच उघडी होती. त्यांनी ती मॅडमकडे सरकवली असती तरी काम झालं असतं, पानोपानी मी होतो. त्यांनी वहीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, वही मिटली आणि बॅगेत ठेवली.

परतताना पिरंगुटकडून वारा येत होता. मागून त्यांनी एकच विचारलं. "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"तिथंच. मीटिंगमध्ये."

"बरं," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांना कायम केलं नाही. रविवारी त्यांनी सामान आवरलं. पौडहून आलेल्या टेम्पोत गादी, बादली, बॅग चढली. मी निरोप द्यायला अंगणात आलो तेव्हा मालक त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला बघून थांबले. सोलापूरवाले माझ्याकडे आले, हात जोडले. "सोमवारी सव्वाअकराला का, सर?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आकडा पडताळून बघावा तसं विचारलं. त्यांनी वही काढली, सोमवारच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि टेम्पोत बसले.

संध्याकाळी मालक माझ्या दारात आले. "हितली खोली मला भाताला लागतीया. तुमी वर जावा. न्हाईतर दुसरीकडं बघा."

"वर? पण वर तर ओटा…"

"व्हय. बांधून तयार हाय."

या बाजूला खोली मिळणं किती कठीण झालंय, ते इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. मी वर गेलो. वर टेबल मावत नाही. ओट्याने सगळी भिंत खाल्ली आहे, म्हणून लॅपटॉप ओट्यावर ठेवतो आणि उभ्याने काम करतो. ओटा फोनवरच्या त्या ठेंगण्या बाईच्या कोपराच्या मापाचा. मला दिवसभर वाकून उभं राहावं लागतं, संध्याकाळपर्यंत कंबर धरते.

मालकीणबाई चहा वर पाठवत नाहीत. कुंकवाचा डाग फरशीच्या कडेला अजून आहे. मी घासून बघितला, निघत नाही.